अव्वा कुणाला दाखवते

माझी आई रोज सकाळी सहाला घरातून निघते आणि जुन्या गावात जाते. आई म्हणजे अव्वा. आमच्याकडं निम्मी कानडी, निम्मी मराठी चालते. जुनं गाव म्हणजे त्र्याण्णवच्या भूकंपात पडलेलं आमचं गाव, सास्तूरच्या पुढं, आताच्या वसाहतीपासून चालत अर्ध्या तासावर. तिथं कुणी राहत नाही. बाभळी, तरवड, कमरेइतकं गवत आणि त्यातून डोकावणारी घरांची जोती, एवढंच उरलंय. लोक तिकडं शेळ्या न्यायलाही बिचकतात. अव्वा मात्र नऊ वाजता परत येते आणि काय काय दिसलं ते सांगत भाकरी थापते. आज मुंगसाची जोडी होती. आज घोरपड, चांगली हातभर. आज तितराची सात पिल्लं.

पार्वतम्मा काकू शेजारी राहतात. अव्वाचा विषय निघाला की त्या म्हणतात, "घार हिंडते आकाशी, चित्त तिचं पिलापाशी." कोणत्या पिलापाशी, ते मात्र त्या बोलत नाहीत. गावात सगळ्यांना ते माहीत आहे आणि मला तर लहानपणापासून माहीत आहे.

माझ्याआधी एक शिवरंजनी होती. भूकंपाच्या पहाटे ती अडीच वर्षांची होती. अव्वा आणि अप्पा जिवंत निघाले, ती नाही निघाली. पुढच्या वर्षी भाद्रपदात, पत्र्याच्या शेडात मी जन्मले. गेलेल्या लेकराचं नाव पाठच्याला ठेवतात, म्हणजे ते परत येतं, असं आमच्याकडं मानतात. म्हणून मीही शिवरंजनी. इथवर ठीक होतं. गावात अशी दुसऱ्याच्या नावाची बरीच लेकरं आहेत. पण माझ्या अप्पांनी, मल्लेश त्यांचं नाव, आणखी एक केलं. ढिगाऱ्यात पत्र्याची पेटी शाबूत सापडली होती आणि पेटीत तिचा जन्माचा दाखला होता. माझा दाखला कुणी काढलाच नव्हता. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा अप्पांनी तोच दाखला गुरुजींपुढं ठेवला. दाखल्यावर एवढी मोठी असलेली पोरगी पहिलीत कशी, असं गुरुजींनी विचारलं असणार. भूकंपानं वर्षं गेली, असं अप्पांनी सांगितलं असणार. त्या काळात एवढं उत्तर पुरायचं.

तिच्या मृत्यूची नोंद तर नव्हतीच. म्हणजे कागदावर ती मेली नाही. ती शाळेत गेली, दहावी झाली, नर्सिंग शिकली, लातूरला नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. मी कागदावर कधी जन्मलेच नाही. माझा वाढदिवस जानेवारीत होतो आणि त्या दिवशी अव्वा शेवयांची खीर करते. मला शेवया आवडत नाहीत.

इतकी वर्षं मी हे चालवून घेतलं. आता मला पाचवा महिना आहे. लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वय विचारलं. नवऱ्यानं आधारकार्ड बघून चौतीस सांगितलं, माझ्या तोंडून तीस निघालं आणि बाई दोघांकडं बघत राहिल्या. त्या रात्री मी ठरवलं, माझं लेकरू मेलेल्या मुलीच्या तारखेवर जगात येणार नाही. वकिलाकडून शपथपत्र करून घेतलं. थोरली मुलगी शिवरंजनी भूकंपात मरण पावली, धाकटी शिवरंजनी नंतर जन्मली, असं त्यात लिहिलं होतं. खाली अव्वाची सही हवी होती. अप्पा आता नाहीत. ती सही करू शकेल असं एकच माणूस उरलं होतं.

कागद पर्समध्ये घालून मी माहेरी आले आणि चार दिवस तो बाहेर काढू शकले नाही. अव्वा रोज सकाळी म्हणायची, "चल फिरायला." पोटुशीनं जुन्या गावात पाय ठेवू नये असं पार्वतम्मा काकू दारातून ओरडायच्या आणि अव्वा न ऐकल्यासारखं करायची. मी जायचे.

खरं सांगायचं तर त्या फिरण्यात गोडी होती. भाद्रपदातलं ऊन सातलाच पाठीला चटके द्यायचं. सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकलेले, त्यातले दोन अर्धवट सोडलेले. नराचं काम मादीला पसंत पडलं नाही की असं होतं, अव्वानं सांगितलं. तारेवर वेडे राघू. ओढ्याच्या चिखलात सशाच्या लेंड्या आणि रानडुकरांनी उकरलेली जमीन. माझ्या डोळ्याला गवतच दिसायचं आणि अव्वा गवतात दडलेलं लावरी पाखरू दाखवायची. साठी उलटलेली बाई, चष्मा घरी विसरते, पण लावरी दिसते.

पण गोडी तिथंच संपायची. अव्वा चालताना डावा हात अंगापासून थोडा लांब आणि खाली धरते, बोट पुढं काढून. लहानपणी मी त्या बाजूला गेले की म्हणायची, "हिकडनं ये," आणि उजवा हात पुढं करायची. आणि काही दिसलं की ती म्हणते, "अल्ली नोड." तिकडं बघ. ते ती कानडीत म्हणते आणि खाली बघून म्हणते. माझ्याशी ती मराठीत बोलते. भूकंपाआधी घरात कानडीच होती, असं अप्पा सांगायचे. पहिल्या दिवशी मी चुकून "बघितलं" म्हणाले. अव्वानं माझ्याकडं मान वळवली आणि नुसती हसली, पाहुण्याला हसतात तसं. मला भीती वाटली. आईची भीती वाटणं चांगलं नाही, पण वाटली.

तिसऱ्या दिवशी आणखी एक झालं. आम्ही पडक्या पारापाशी उभ्या होतो. मी अव्वाच्या उजवीकडं होते आणि दोघीही हललो नव्हतो. डावीकडच्या गवतात सातभाई पक्षी चरत होते. ते एकदम कलकलाट करत उठले, कुणी त्यांच्यात पळत शिरावं तसे. वारा नव्हता. साप असेल, मी म्हणाले. अव्वा म्हणाली, "न्हाय. तिला राहवत न्हाय."

पाचव्या दिवशी आम्ही आमच्याच घराच्या जोत्यापाशी पोचलो. जोत्याच्या चिऱ्यांखाली बीळ होतं आणि बिळाच्या तोंडाशी खोकड बसली होती. खोकड म्हणजे कोल्ह्याहून लहान, मांजरापेक्षा थोडी मोठी, शेपटीचं टोक काळं. तिच्यामागं यंदाचं पिल्लू होतं, आता जवळपास तिच्याएवढं. मी आयुष्यात पहिल्यांदा खोकड बघत होते. श्वास रोखून बघत होते. आणि अव्वा कमरेत वाकली, डाव्या बाजूला तोंड करून हळू आवाजात म्हणाली, "अल्ली नोड, शिवरंजनी. अल्ली."

माझं डोकं फिरलं. "कुणाला दावायलीस?" मी ओरडले. "म्या हिकडं हाय, अव्वा. हिकडं."

खोकड बिळात गेली. पिल्लू दोन उड्यांत तरवडात दिसेनासं झालं. अव्वा सरळ उभी राहिली.

"पळवलीस," ती म्हणाली. "पंधरा दिस झाले तिला सांगत हुते, दावीन म्हनून."

मी तिथंच पर्स उघडली, कागद काढला आणि शेवटपर्यंत वाचून दाखवला. 'मरण पावली' हा शब्द आला तेव्हा अव्वानं जोत्यावर हात टेकला.

"ती शिकली," अव्वा म्हणाली. "नर्स झाली. तिला चांगला नवरा मिळाला. येवढं सगळं झाल्यावर आता म्या सही करून मारू व्हय तिला?"

"ते म्या केलं, अव्वा. म्या शिकले. रात्रपाळ्या म्या केल्या."

"व्हय."

"मग म्या कुठं हाय?"

अव्वा वळून वाटेला लागली. परत येताना ती पुढं आणि मी मागं. वाटेत टिटवी ओरडत डोक्यावरून गेली, तिनं वर पाहिलंही नाही. घरी आल्यावर ती परसात जाऊन बसली. दोडक्याच्या पिवळ्या फुलांवर शिंजीर येत होता, जास्वंदीवरून दोडक्यावर, दोडक्यावरून जास्वंदीवर. रोज ती मला हाक मारून दाखवायची. त्या दिवशी तो पक्षी तिच्या हातभर अंतरावर होता आणि ती जमिनीकडं बघत होती. मला फार वाईट वाटलं. कागद चुलीत घालावा असंही वाटलं. पण पोटातलं लेकरू हललं आणि मी तो परत पर्समध्ये ठेवला.

संध्याकाळी भाकरी वाढताना अव्वा म्हणाली, "आपल्यात पुरत्यात. तिला जाळली. समद्यांबरुबर, एकाच ढिगात. इचारायला बी कुणी शुद्धीवर नव्हतं. मातीत ठिवलं असतं तर म्या तितं जाऊन बसले असते, गप. जाळलेल्याला जागा नसती. म्हनून हात धरून फिरते."

मी ताट बाजूला ठेवलं. मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"आधी तिला मातीत ठिवू," अव्वा म्हणाली. "मग सही करते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जंगमस्वामींना, आम्हा लिंगायतांच्या पुरोहितांना, बोलावलं. जोत्याजवळची ओंजळभर माती अव्वानं स्वतः उकरून आणली, खोकडीच्या बिळाला धक्का न लावता. आमच्या शेताच्या बांधाला, कडुनिंबाखाली, गुडघाभर खड्डा घेतला. पार्वतम्मा काकू बेलाची पानं घेऊन आल्या. नवरा लातूरहून पहिल्या बसनं आला आणि त्यानं काही न विचारता फावडं हातात घेतलं. अव्वानं माती पांढऱ्या फडक्यात बांधली, त्यावर विभूती लावली आणि गाठोडं दोन्ही हातांनी खड्ड्यात बसतं केलं. आमच्यात बसवूनच पुरतात. तिनं गाठोड्याचं तोंड कुठं यावं याचाही विचार केला, दोनदा फिरवून ठेवलं.

स्वामींनी मंत्र म्हटले. मग विचारलं, "नाव काय लेकराचं?"

"शिवरंजनी," अव्वा म्हणाली.

स्वामींनी मोठ्या आवाजात हाक द्यावी तसं नाव घेतलं. शाळेत हजेरीला, दवाखान्यात पाळीवर, तीस वर्षं त्या नावाला मी उत्तर देत आले. तोंडातून आपसूक निघालं, "जी."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. नवऱ्याच्या हातातलं फावडं थांबलं. खड्ड्याच्या काठावर, भर सकाळी, मी तिच्या जागी उत्तर दिलं होतं आणि ते खरं नाही असं सांगणारं कुणी नव्हतं.

अव्वा गुडघ्यावर बसली होती. तिनं मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. आधी तोंडाकडं, मग पोटाकडं, मग पुन्हा तोंडाकडं, बराच वेळ.

"तू न्हवं," ती म्हणाली. "तू बस, बाई. उनात उभी राहू नकोस."