तांब्याच्या पट्ट्या आणि हार्लनची होडी

गावोगाव दैवी उपचार विकत फिरणाऱ्या ब्रदर ड्वाइटचा त्या संध्याकाळचा हिशेब सरळ होता. खिशातून जाणार तांब्याच्या चार पट्ट्या, पदरात पडणार हार्लन ट्वेटची मासेमारीची होडी, इंजिनासकट.

मिनेसोटातल्या त्या चर्चच्या तळघरात अर्धं गाव लोटलं होतं. पार्किन्सन झालेला हार्लन चालताना मध्येच थबकायचा, पाय फरशीला खिळ्यांनी ठोकल्यासारखे. ब्रदरने त्याच्यापुढे पट्ट्या आडव्या मांडल्या आणि गर्जना केली, "पवित्र झऱ्यात भिजलेलं तांबं! ऊर्जा तळव्यातून मेंदूत चढते! चल, बाळा!"

सत्तरी ओलांडलेलं बाळ एकेक पट्टी ओलांडत थेट कॉफीच्या किटलीपाशी पोचलं. बायका डोळे पुसू लागल्या.

"तो व्यायामाचा वर्ग मात्र कायमचा बंद. त्यात ऊर्जा सांडते!" ब्रदरने बजावलं.

वर्ग हार्लनने महिन्यापूर्वीच सोडला होता, आणि तेव्हापासून तो दोनदा पडला होता. त्याची बायको आर्डिस म्हणाली, "वेगळंच आहे हं!" त्या गावात याहून मोठी शिवी नाही.

वर्ग घेणारी मरीट तिच्या कानाशी लागली. "त्याला नुसती रेघ दिसली तरी पुरे. तांबं कशाला?"

आर्डिस उठली. गावजेवणाला नेलेल्या भांड्याखाली आपलं नाव चिकटवायला तिथल्या बायका चिकटपट्टी जवळ बाळगतात. आर्डिसने स्वयंपाकघराच्या दारात फरशीवर त्या चिकटपट्टीच्याच रेघा मारल्या.

"हार्लन, ये. कॅसरोलमधलं जेवण गार होतंय."

हार्लन आला, रेघा ओलांडून आत गेला.

"माझी ऊर्जा उरलीय त्याच्यात!" ब्रदर घाईने म्हणाला.

"उरलीय ना? मग ही काढते." तिने चिकटपट्टी उपटली. परतताना हार्लन त्याच दारात खिळला. तिने पुन्हा चिकटवली, तो सुटला.

मरीटने उलगडा केला. "या आजारात आपोआप पाऊल पडणं बिघडतं. समोर रेघ दिसली, की पुष्कळांना ठरवून पाऊल टाकता येतं. मग ती खडूची का असेना! पण तोल सांभाळायला व्यायामच हवा, औषधं चालू ठेवून."

"वर्गात मला बघून कुणी रडत नाही गं," हार्लन कुरकुरला.

"पडलास तेव्हा मी रडले. तेवढं पुरे," आर्डिस म्हणाली.

चमत्कार दिसला, तर नमस्कार करण्याआधी त्यातली दैवी वस्तू बाजूला काढून बघावी. तिच्यावाचून काही अडलं नाही, तर ती विकणाऱ्याला दार दाखवावं.

ब्रदर पट्ट्या गोळा करून गेला. होडी घरीच राहिली. भुर्दंड पडला हार्लनच्या गुडघ्यांना; बुडवलेला सगळा व्यायाम मरीटने दुसऱ्या सकाळपासून वसूल करायला घेतला.