अंड्यांच्या गाडीचा दम

मिस्त्रीचा अंगठा अख्ख्या रस्त्यावर प्रसिद्ध होता. प्लग काढून त्या भोकावर अंगठा ठेवायचा, स्टार्टर मारायला लावायचा आणि नुसत्या हवेच्या धक्क्यावरून इंजिनात किती दम उरलाय ते सांगायचं. एकदा म्हणे मिस्त्री स्वतःच त्या धक्क्याने उडून थेट छताच्या पंख्यावर जाऊन बसला. पंखा बंद होता म्हणून निभावलं.

आक्काच्या गाडीपुढे मात्र या अंगठ्याचं काही चालेना. आक्का ही मिस्त्रीची थोरली बहीण, चाळीस वर्षं दुकानोदुकानी अंडी पोचवणारी. तिच्या जावयाचं मत असं, की गाडी भंगारात घालावी आणि सासूबाईंनी आता घरी बसावं. मामांचा अंगठा बहिणीच्याच बाजूने बोलणार, असा त्याचा टोमणा. शेवटी ठरलं की सिलिंडरातल्या हवेचा दाब मोजणारं कॉम्प्रेशनचं गेज लावायचं. काटा दीडशेच्या आसपास गेला तर गाडी राहील, शंभराच्या आत अडकला तर भंगार. आक्काने मान डोलावली, पण किल्ली मुठीतून सोडली नाही.

इंजिन गरम करून मिस्त्रीने चारी प्लग काढले, पेट्रोल तोडलं आणि आक्काला सीटवर बसवलं. अॅक्सिलरेटर पुरा दाबून किल्ली फिरव म्हणाला; पाय पुरा दाबला तरच इंजिनाला पोटभर हवा मिळते. पहिल्या सिलिंडरला काटा नव्वदवर थांबला. दुसऱ्याला नव्वद. तिसऱ्या-चौथ्याचंही तेच.

जावई भंगारवाल्याचा नंबर शोधू लागला. आक्का समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

मिस्त्रीला हे पचेना. चार भाऊ एकाच दिवशी, एकाच तापाने अंथरूण धरत नाहीत; एखादा तरी धडधाकट उरतोच. त्याने कार्ब्युरेटरच्या तोंडात डोकावून पुन्हा किल्ली फिरवायला सांगितली. आतली हवेची झडप जेमतेम नखाएवढी उघडली.

"आक्के, पाय दाब की."

"दाबलाय. आणखी दाबला तर माल फुटेल."

गाडी रिकामी होती. पण चाळीस वर्षांत त्या पायाने पेडलचा तळ कधी पाहिलाच नव्हता. गोगलगाई हॉर्न देऊन तिच्या पुढे जात, असं लोक सांगतात. हॉर्नचं खोटं असेल.

जावयाला यात बहीणभावाचं संगनमत दिसलं. त्याने सासूबाईंना उठवलं, स्वतः बसला आणि घणासारखा पाय पेडलवर आदळला. काटा उसळला तो एकशे पंचावन्नवर. पुढच्या तिन्ही सिलिंडरांनीही दीडशे सोडले नाहीत.

"जावईबापू," मिस्त्री गेज पुसत म्हणाला, "माझा अंगठा यात कुठेच नव्हता. पाय तुमचाच."

प्लग परत बसले. आक्काने सीट पुढे ओढून घेतली आणि काच खाली केली.

"तुम्ही चालत पुढे व्हा," ती जावयाला म्हणाली, "आणि लेकीला सांगा, मी गाडी घेऊन येतेय."

तो निघाला. वळणावर त्याने मागे पाहिलं, तेव्हा गाडीची पुढची चाकं गॅरेजच्या उंबऱ्याबाहेर आली होती.