‘क्लिअर’ म्हणजे नक्की काय

आमच्या तुकडीत पंधरा बायका. चौदा जणी जमिनीतले न फुटलेले बॉम्ब शोधतात आणि पंधरावी मी, अँब्युलन्सपाशी बसून असते. मी साधी नर्स, पण सगळ्या मला डॉक्टरीणबाई म्हणतात, चिडवायला. कोणाला काटा बोचला, कोणाचं डोकं चढलं, दिवसभरात एवढंच माझ्याकडे येतं. एवढंच येवो, असं मी रोज मनात म्हणते. हातात वॉकीटॉकी असते, त्यामुळे कोण कोणाला काय म्हणालं ते सगळ्यात जास्त माझ्याच कानावर पडतं. म्हणून ही हकिगत मला नीट ठाऊक आहे.

आमची प्रमुख बुआवान ताई. वय एक्केचाळीस, शाळा चौथीपर्यंत. मेटल डिटेक्टरचा आवाज तिला बाळाच्या रडण्यासारखा कळतो. भूक कुठली, हट्ट कुठला, तसा खिळा कुठला आणि बॉम्बी कुठली. बॉम्बी म्हणजे मुठीएवढे गोळे. आमच्या सियेंग ख्वांग प्रांतातल्या शेतांत, आमच्या आयांच्या लहानपणी युद्धात विमानांतून पडलेले, अजून निघतायत.

ताईच्या वर मिस्टर फर्गस. स्कॉटलंडचा, पूर्वी फौजेत होता, आता साठी ओलांडलेली. भुवया अशा की त्यात चिमणीनं घरटं करावं. आमची लाओ भाषा बोलायचा, पण चालताना अडखळावं तसं. त्यामुळे कामाचं बोलणं इंग्रजीत, आणि त्याच्या इंग्रजीत एका शब्दावर सगळा संसार. सकाळी आखलेला पट्टा दाखवून विचारायचा, “क्लिअर?” म्हणजे समजलं का. ताई म्हणायची, “क्लिअर.” दुपारी पट्टा तपासून झाला की तीच सांगायची, “क्लिअर,” म्हणजे आता इथे काही नाही. आभाळ उघडलं तरी क्लिअर, जेवणानंतर डबे उचला तरी क्लिअर. आम्हाला त्याची सवय झाली होती.

फेब्रुवारीत आम्ही खाम्पियान आजीच्या शेतात होतो. एका बांधाला सात बॉम्बी सापडल्या. त्या हलवायच्या नसतात, जागेवरच उडवायच्या असतात. दुपारी तीन वाजता गावात भोंग्यावरून सांगून झालं, तिन्ही वाटांवर पहारे बसले. खालच्या वाटेवर पान्या होती. पान्या मोंग जमातीची, तीस वर्षांची, दोन मुलांची आई. घरी मोंग बोलते, लाओ शाळेत शिकली, इंग्रजी इथे आल्यावर. तिच्याइतकं काटेकोर काम तुकडीत कोणाचंच नाही.

फर्गस टेकडीवर. बुआवान ताई स्फोटाच्या पेटीपाशी, मातीच्या पोत्यांआड. मी अँब्युलन्सपाशी.

तेवढ्यात खाम्पियान आजी पान्यापाशी येऊन उभी राहिली. तिला ऐकू कमी येतं, भोंगा तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

“थांबा आजी, पुढे जायचं नाही.”

“अगं, म्हैस गेली माझी पुढे. तू थांब खुशाल, मी तिला घेऊन येते.”

“आजी, बॉम्ब उडवायचेत!”

“उडवा की. मी म्हैस आणते, मग उडवा.”

पान्यानं तिचा हात धरून ठेवला आणि वॉकीटॉकीवर विचारलं, खालच्या वाटेचं काय? टेकडीवरून फर्गस म्हणाला, “खालची वाट, कीप क्लिअर.” म्हणजे तिथे कोणाला येऊ देऊ नकोस, दूर ठेव. पण मधे खरखर झाली. मी स्वतः ऐकलं ते असं: “खालची वाट... क्लिअर.”

पान्याला वाटलं, टेकडीवरून त्याला सगळी वाट दिसते. तो म्हणतो मोकळी आहे, म्हणजे जाऊन यायला अजून वेळ असेल. तिनं आजीचा हात सोडला. “जा आजी, पण पाय उचला.” आणि शिकवल्याप्रमाणे उत्तर दिलं, “क्लिअर.” म्हणजे समजलं.

फर्गसनं त्याचा अर्थ घेतला, वाटेवर कोणी नाही.

त्यानं मोजायला सुरुवात केली. पाच, चार, तीन. बुआवान ताईचा हात पेटीच्या बटणावर. आणि बांबूच्या बेटामागून म्हशीच्या गळ्यातली लाकडी घंटा वाजली, टक, टक. ताईनं चटका बसल्यासारखा हात काढला. “स्टॉप! स्टॉप! स्टॉप!” तिचा तसा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

मी पिशवी घेऊन धावले. खाली पोचले तर आजी म्हशीच्या कासऱ्याला धरून उभी.

“कोण मेलं?”

“कोणी नाही आजी.”

“मग एवढी पळत कशाला आलीस? बस, दम खा.”

मी खरंच बसले. पान्या तिकडे झाडाला टेकून रडत होती, तोंडात रुमालाचा बोळा कोंबून, आवाज येऊ नये म्हणून.

त्या दिवशी स्फोट झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या जिल्हा कचेरीतून सिसवात साहेब आला. तंबूत सगळ्यांना बोलावलं. साहेब वाईट माणूस नाही, पण त्याला सगळं कागदावर बसलेलं लागतं.

“नियमपुस्तकात शब्द ठरलेला आहे,” तो म्हणाला. “सगळ्यांना शिकवलाय. एकीनं चूक केली. तिला काढावं लागेल.”

पान्या मान खाली घालून बसली होती. बुआवान ताई उठली.

“साहेब, शब्द ठरलाय. अर्थ कुठे ठरलाय?”

“म्हणजे?”

“मिस्टर म्हणाले क्लिअर, पान्या म्हणाली क्लिअर. दोघं बरोबर बोलले आणि म्हातारी मरत होती.”

फर्गस रात्रभर झोपला नसावा. डोळे तांबारलेले, आवाज चिडका. “मी दूर ठेव म्हटलं होतं. माझ्या बाजूनं ते सरळ होतं.” आणि सवयीनं पुढे, “इज दॅट क्लिअर?”

“नाही, मिस्टर,” ताई म्हणाली. “तेच तर सांगतेय मी.”

मागे कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. फर्गसचे कान लाल झाले.

ताईनं दुपारच्या जेवणापर्यंतचा वेळ मागून घेतला. साहेब घड्याळ बघत कबूल झाला. मग ताईनं शेवयांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, मला पेन दिलं आणि म्हणाली, “डॉक्टरीणबाई, लिही. जिनं जिनं जिथे हा शब्द ऐकलाय, तिनं सांगा. लाजू नका.”

मग एकीनं सांगितलं, तिची बहीण फोनसावान शहरातल्या हॉटेलात आहे, तिथे नुसत्या पाण्यासारख्या सूपला क्लिअर सूप म्हणतात.

“आणि त्याचे पैसे घेतात?”

“जास्त घेतात!”

दुसरीचा नवरा व्हिएतनामच्या नाक्यावर ट्रक नेतो, तिथे कागदांवर शिक्का बसला की माल क्लिअर. तिसरीनं चेहऱ्याच्या मलमाची डबी आठवली, डाग जाऊन कातडी क्लिअर होते म्हणे. “तुझी झाली?” “डबीची झाली, माझी नाही.” आरपार दिसणारी चिकटपट्टी. फोनवरचा स्वच्छ आवाज. गळा खाकरणं. टेबल आवरणं. गर्दी हटवणं. कुंपणावरून उडी मारताना पाय न लागणं. हे पान्या म्हणाली, हळूच, सकाळपासूनचं तिचं पहिलं वाक्य. माझ्याकडे जुना शब्दकोश होता, त्यातून मी एक वाचून दाखवला: ज्याच्यावर दोष उरला नाही, तोही क्लिअर.

पुठ्ठ्यावर सतरा ओळी झाल्या. ताईनं तो फर्गसच्या हातात दिला. “यातला कुठला ऐकायचा, मिस्टर? पेटीवर हात ठेवून मी कुठला धरायचा?”

त्यानं सगळ्या ओळी वाचल्या. मी लाओत लिहिलं होतं, त्यामुळे एकेका अक्षराखाली बोट फिरवत. मग पेन मागितलं आणि खाली अठरावी ओळ लिहिली. अक्षर लहान मुलासारखं.

“महायुद्धात माझी आई सहा वर्षांची होती,” तो मोडक्या लाओत म्हणाला. “रात्री वरून बॉम्ब पडायचे. ती जिन्याखाली बसायची. मग एक भोंगा वाजायचा, लांब, एकसारखा. त्याला ऑल क्लिअर म्हणायचे. आता बाहेर या, संपलं. म्हातारपणीही ती सांगायची, त्या आवाजासारखं गाणं नाही.”

बुआवान ताईची आई बॉम्बच्या भीतीनं नऊ वर्षं गुहेत वाढली, हे आम्हाला माहीत होतं. फर्गसला माहीत नव्हतं.

“माझी आई पण सहा वर्षांचीच होती गुहेत गेली तेव्हा,” ताई म्हणाली. “आमच्याकडे तसा भोंगा कोणी वाजवला नाही. विमानं यायची थांबली, एवढंच. लोक बाहेर आले, नांगर धरला, आणि नांगराखाली फुटलं. माझा मामा गेला तसा.” मग ती म्हणाली, “तो भोंगा अजून वाजायचाय, मिस्टर. म्हणून तर आपण इथे आहोत.”

फर्गसनं चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग सिसवात साहेबाकडे वळला. “चूक माझी. माझ्या नावानं लिहा. आणि वॉकीटॉकीवर हा शब्द आजपासून बंद.”

“पण पुस्तक मुख्य कचेरीतून आलंय—”

“मी सही करतो.”

साहेबानं उसासा सोडला आणि नवा कागद काढला.

आता बदली शब्द कुठले? इंग्रजी नकोतच, यावर एकमत झालं. एकजण म्हणाली, वाट रिकामी असली तर ‘वांग’ म्हणू, दूर ठेवायचं असलं तर ‘हांग’. आमच्या भाषेत दोन्हीचे अर्थ अगदी तेच. सगळ्यांना पटलं. बुआवान ताईनं मात्र मला शंभर पावलांवर पाठवलं आणि वॉकीटॉकीवर दोन्ही शब्द म्हटले. मला दोन्ही वेळा ‘आंग’ ऐकू आलं.

“झालं! पुन्हा म्हातारीला मारलंत!” ताई ओरडली, आणि काल दुपारनंतर पहिल्यांदा सगळ्या मोकळ्या हसल्या.

शेवटी ठरलं ते असं. कोणाला अडवायचं असेल तर ‘युत’, थांब. वाटेवर कोणी नसेल तर ‘बो मी खोन’, माणूस नाही. आणि समजलं, तर ऐकलेलं सगळं वाक्य परत म्हणून दाखवायचं, नुसता हुंकार नाही. प्रत्येकीनं शंभर पावलांवरून म्हणून पाहिलं. फर्गसनंही. त्याच्या सुरात ‘खोन’चा अर्थ माणूस न राहता अंगावरचे केस असा झाला, पण कळलं.

सात बॉम्बी अजून बांधालाच होत्या. त्या त्याच दिवशी उडवायच्या होत्या.

“खालच्या वाटेवर पान्याच जाईल,” ताई म्हणाली.

“अजिबात नाही,” सिसवात साहेब म्हणाला. “महिनाभर तिला पहारा नाही. तेवढं तरी कागदावर हवं.”

पान्याचा चेहरा उतरला. फर्गस म्हणाला, “महिना उद्यापासून धरा. आज मी तिच्यासोबत उभा राहतो. टेकडीवर तुम्ही जा, साहेब.” साहेबाला टेकडी चढायची नव्हती, पण सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार?

तीन वाजता भोंगा झाला. या वेळी एकजण खाम्पियान आजीच्या घरी जाऊन तिच्या कानाशी ओरडून आली आणि म्हैस खुंटीला बांधली की नाही तेही पाहून आली. मी अँब्युलन्सपाशी, वॉकीटॉकी कानाला लावून.

“खालची वाट?” टेकडीवरून धापा टाकत साहेबाचा आवाज आला.

“खालची वाट, बो मी खोन,” पान्या म्हणाली. आवाज पहिल्या शब्दाला कापला, पुढे नाही.

मधली वाट, माणूस नाही. वरची वाट, माणूस नाही. पाच, चार, तीन, दोन, एक. जमीन खालून धक्का दिल्यासारखी हलली, काळी माती वर गेली, मग धूर. डोंगरावरून आवाज परत आला. बांबूतले सगळे पक्षी उडाले.

खाली गेले तर फर्गस आणि पान्या बांधावर बसून टोपलीतला चिकट भात खात होते. दोघांनाही मिरचीच्या चटणीनं नाकातून पाणी येत होतं, निदान दोघं तसंच सांगत होते.

“पान्या,” फर्गस म्हणाला, “यू आर क्लिअर.”

“कुठला?” पान्यानं विचारलं. “अठरांपैकी कुठला?”

तो इतका हसला की भात सांडला. आणि शब्द तोंडातून गेला म्हणून ताईनं त्याला तिथल्या तिथे शिक्षा केली: पुढचा आठवडा दुपारचं पाणी झऱ्यावरून त्यानं आणायचं. जिभेला वळण लागायला त्याला दोन महिने लागले, आणि प्रत्येक चुकीला नवा आठवडा. तेवढे दिवस आमचं पाणी तोच वाहत होता, दोन्ही हातांत डबे, भुवयांवरून घाम.

महिना संपल्यावर पान्या पहाऱ्यावर परत आली. पहिले काही दिवस ती प्रत्येक निरोप दोनदा विचारायची. कोणी वैतागलं नाही. आमचे नवे शब्द आधी शेजारच्या तुकडीनं उचलले, मग जिल्ह्यातल्या सगळ्यांनी. पुढच्या वर्षी बुआवान ताईला नव्या मुलींना शिकवायला नेमलं आणि आमची प्रमुख पान्या झाली. चौथी शिकलेली बाई वर्गात फळ्यासमोर उभी राहते, हे बघायला आम्ही एकदा मुद्दाम गेलो होतो. तिनं आम्हाला मागच्या बाकावर बसवलं आणि बडबड केली म्हणून बाहेर काढलं.

खाम्पियान आजीचं शेत त्या बॉम्बी उडवल्या त्याच वर्षी मे महिन्यात पूर्ण तपासून झालं. कागदावर तिचा अंगठा घेतला तरी ती बांधावरच उभी. पन्नास वर्षं तिनं शेताच्या मधल्या तुकड्यात पाऊल टाकलं नव्हतं. पान्यानं चपला काढल्या आणि शेतातून चालत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग आडवी. आजीनं घागरा वर खोचला आणि तिच्या मागून निघाली. मधे जाऊन वाकली, मूठभर माती उचलून कुस्करली, नाकाशी नेली.

“भात चांगला येईल,” ती म्हणाली. “पण पाट खणावा लागेल. कुदळ आहे का कोणाकडे?”

होती. आम्ही दुपारपर्यंत तिला पाट खणू लागलो, आणि दुसऱ्या दिवशी डोंगरापलीकडच्या नव्या शेतात पट्टे आखायच्या दोऱ्या ताणायला गेलो.