गाडीच्या पाठीवरची अक्षरं

रावेरला केळीची गाडी भरून झाली, की नवल महाजनचं खरं काम सुरू व्हायचं. मजूर हातपाय धुवायला जात, ड्रायव्हर दोर आवळून चहाला निघे, आणि नवल खिशातला छोटा कॅमेरा काढून ट्रकच्या मागे जाऊन उभा राही. ट्रकच्या पाठीवर जे काही लिहिलेलं असेल, त्याचा तो फोटो घेई. "माहेर रावेर, सासर जालंधर." "आई, ब्रेक बघूनच निघालोय." केळीच्या व्यापाऱ्याकडे तो गाड्या भरून घ्यायच्या कामाला होता. दिवसाला आठ-दहा ट्रक त्याच्या डोळ्यांखालून जात. मजूर त्याला हसत. "नवलभाऊ, बाकीची माणसं गाडीचं तोंड पाहतात," ते म्हणत.

ही २००८ सालची गोष्ट. कुठल्याशा पेपरात त्यानं वाचलं, की आता कुणालाही इंटरनेटवर स्वतःचं लिहिता येतं, फुकट, आणि तेही मराठीत. ऑफिसच्या संगणकावर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यानं ब्लॉग उघडला आणि त्याला नाव दिलं 'गाडीच्या पाठीवर'. इंग्रजी बटणं दाबून मराठी अक्षरं उमटवायची. 'ज्ञ' कुठे दडलाय ते शोधण्यात दोन दिवस गेले. पानाच्या तळाशी किती जण येऊन गेले ते सांगणारा आकडा होता. पहिल्या आठवड्यात तो त्रेचाळीस झाला. त्यातल्या तीस वेळा नवल स्वतःच आला होता.

मग एक दिवस पहिली प्रतिक्रिया आली. पिंपळनेरहून, लोटन नानांची. नाना निवृत्त शिक्षक, अहिराणी शब्द आणि म्हणी जमवायचे, त्यांचाही ब्लॉग होता. त्यांनी लिहिलं होतं, "नवलभाऊ, बठ्ठं वाची टाकं. भलतं भारी शे." सगळं वाचून काढलं, फार भारी आहे, असं सांगणारी ती ओळ नवलनं त्या दिवशी किती वेळा वाचली असेल, त्याला सुमार नाही.

दुसरी प्रतिक्रिया धुळ्याहून आली, हुमा नावाच्या बाईंची. त्यांचा स्वतःचा ब्लॉग नव्हता. "'माहेर'मधला 'ह' पाहा," त्यांनी लिहिलं होतं. "त्याची शेपटी अशी वळवून वर नेणारा रंगारी एकच आहे. तो धुळ्याचा."

"तुम्ही ओळखता त्यांना?" नवलनं विचारलं.

"ऐकून आहे," उत्तर आलं.

तेव्हापासून नवल फोटो मोठा करून आधी 'ह' बघू लागला. खरंच, दर चार-पाच गाड्यांत एकीवर ती शेपटी असायची. आणि त्याला आवडणाऱ्या ओळी नेमक्या तिथेच असायच्या. त्यावर त्यानं एक लांबलचक लेख लिहिला. या ओळी रंगाऱ्याच्या नसाव्यात, कुणा ड्रायव्हरच्या असाव्यात, असा त्याचा अंदाज होता. पन्नाशीचा असेल, घरी म्हातारी आई असेल, लांबच्या फेरीत धाब्याच्या खाटेवर पडल्या पडल्या त्याला हे सुचत असेल. त्या लेखाला सतरा प्रतिक्रिया आल्या. पुण्याहून, नाशिकहून, एक तर अमेरिकेहून. हुमाताईंनी एवढंच लिहिलं, "छान कल्पना केलीत."

ते दिवसच तसे होते. ब्लॉग लिहिणारे मोजके, सगळे एकमेकांच्या पानाच्या कडेला एकमेकांची नावं लावायचे. कुणी खो दिला की त्याच विषयावर आपण लिहायचं आणि पुढच्याला खो द्यायचा. पुण्याच्या एका मुलीनं नवलला खो दिला, 'तुमच्या टेबलावरच्या पाच वस्तू'. नवलनं तो नानांना आणि हुमाताईंना दिला. हुमाताईंनी प्रतिक्रियेतच उत्तर लिहिलं, आणि त्यात एक वस्तू होती, 'धार गेलेला ब्रश, केस विंचरायला नाही.' नवलला काही ती कळली नव्हती. त्याचे वडील गेले तेव्हा त्यानं एकच ओळ टाकली होती, "आठ दिवस झाले, गाडीकडे पाहिलं नाही." त्याखाली ज्यांनी ज्यांनी लिहिलं, त्यांतल्या एकाचाही चेहरा त्यानं पाहिलेला नव्हता. पण दारात येऊन बसलेल्या माणसांइतकाच त्यांचा त्याला आधार वाटला.

भांडणही झालं एकदा. "हिरवा निघालो, पिवळा पोहोचेन," अशी ओळ एका ट्रकवर दिसली. नवलनं लिहिलं, की लिहिणाऱ्यानं जन्मात केळी भरलेली नसणार. माल वाटेत पिवळा झाला तर पलीकडचा व्यापारी गाडी उतरवूनच घेणार नाही. केळी हिरवीच पोचली पाहिजे.

"पण वाचायला तर गोड आहे," हुमाताईंचं म्हणणं.

"गोड असेल, खोटं आहे."

"मग काय लिहायला हवं होतं?"

"ते लिहिणाऱ्याला विचारा," नवलनं ठणकावलं.

तीन महिन्यांनी सावद्याच्या रस्त्यावर एक नवाकोरा ट्रक त्याच्या मोटारसायकलच्या पुढे होता. पाठीवर लिहिलेलं, "हिरवा निघालो, हिरवाच पोचू दे रे देवा." आणि 'हिरवा'च्या 'ह'ला तीच शेपटी. नवल त्या गाडीमागे फैजपूरपर्यंत गेला. फोटो टाकून त्यानं लिहिलं, "दुनियेत कुणीतरी आपलं ऐकतंय, मित्रहो." हुमाताईंनी त्यावर नुसता हसरा चेहरा टाकला.

२०१० च्या हिवाळ्यात तिघांनी जळगावला भेटायचं ठरवलं. नवल गेला, नाना पिंपळनेरहून दोन बस बदलून आले. हुमाताई आल्याच नाहीत. दोघांनी भरीत-भाकरी खाल्ली, नानांनी चार म्हणी सांगितल्या, आणि तिसरी जागा रिकामीच राहिली. नवलला ते लागलं. पुढे फेसबुक आलं, मग मोबाईलवरचे ग्रुप आले. पुण्याची मुलगी लिहायची थांबली, अमेरिकेतले गृहस्थ दिसेनासे झाले. नवलचं लग्न झालं, मुलगी झाली, त्यानं स्वतःचं पॅकिंग हाऊस काढलं. ट्रकही बदलले. आता बंद डब्याच्या गाड्या येत, त्यांवर छापील स्टिकर. 'गाडीच्या पाठीवर' कधी थांबला, ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

यंदाच्या फेब्रुवारीत खोक्यांवर लेबलं चिकटत असताना त्याच्या मोबाईलवर ईमेल आली. जुन्या ब्लॉगवर प्रतिक्रिया होती. "नवलभाऊ, फोटो दिसत नाहीत. तुमच्याकडे असतील का? मला हवे होते. हुमा, धुळे."

त्यानं कितीतरी वर्षांनी आपलं पान उघडलं. लेख होते, प्रतिक्रिया होत्या, फोटोंच्या जागी मात्र करडे चौकोन. ज्या फुकटच्या जागेवर त्यानं फोटो चढवले होते ती जागाच मधे बंद पडली होती. ऑफिसचा संगणक तर केव्हाच भंगारात गेलेला. नवलनं खरं ते लिहिलं आणि खाली आपला नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "नवलभाऊ?"

"बोला, हुमाताई." सतरा वर्षांची ओळख, आणि आवाज तो पहिल्यांदा ऐकत होता. मास्तरीण बाईंसारखा स्पष्ट आवाज.

"अब्बा गेले, दिवाळीच्या आधी," ती म्हणाली. "इसाक पेंटर. त्यांचं काम आता कुठेच नाही. गाड्या तुटल्या, विकल्या गेल्या. तुमच्याकडे असेल असं वाटलं होतं."

नवलला लगेच त्या 'ह'ची शेपटी आठवली. तो म्हणाला, "मी येतो धुळ्याला."

हुमा एका शाळेत मराठी शिकवत होती. वय चाळीसच्या आसपास, म्हणजे ब्लॉगवर ती जेमतेम कॉलेजातली पोर होती. नवल तिला पोक्त बाई समजून लिहीत आला होता. तिच्या अम्मीनं, रईसाबींनी, चहा ठेवला. हुमानं कपाटातून एक जाड फाईल काढली. सायबर कॅफेत छापलेली नवलच्या ब्लॉगची पानं, ओळीनं लावलेली. फोटो सगळे काळे-पांढरे, कारण रंगीत छापणं परवडायचं नाही. पण प्रत्येक फोटोच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'लाल, किनार पिवळी'. 'निळा, सावली काळी'.

"अब्बा रोज संध्याकाळी घेऊन बसायचे," हुमा म्हणाली. "रंग लिहून ठेवायचे. विसरून जाऊ नये म्हणून."

"काय हात होता," नवल म्हणाला. "आणि त्यांना त्या ओळी कोण द्यायचं? तो ड्रायव्हर शेवटपर्यंत सापडलाच नाही मला."

रईसाबी कप ठेवता ठेवता हसल्या. "ड्रायव्हर कसला, भाई! लिखती ये थी, रंगाते वो थे."

नवल हुमाकडे बघतच राहिला. ती लाजली होती.

"गाडीवाला म्हणायचा, काहीतरी चांगलं लिहा. अब्बा घरी येऊन मला विचारायचे. एकदा सहज माझीच ओळ सर्चमध्ये टाकून पाहिली, 'आई, ब्रेक बघूनच निघालोय', तर तुमचं पान निघालं. माझं वाक्य पडद्यावर! मी खुर्चीतून उठलेच."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही त्या ड्रायव्हरवर इतकं मनापासून लिहिलं होतं. त्याची आई, त्याची खाट. मोडवेना. जळगावलाही त्याचसाठी आले नाही. समोर आले असते तर तोंडातून निघालंच असतं."

"आणि मी म्हणालो, लिहिणाऱ्यानं जन्मात केळी भरली नसणार!"

"बरोबरच होतं तुमचं. नव्हती भरली. अब्बांना वाचून दाखवलं तर म्हणाले, माणूस खरं बोलतोय, बदल."

नवल हसला. त्या काळात त्याला वाटायचं, त्या ओळी लिहिणाऱ्याशी आपण एकतर्फी बोलतोय, ट्रकच्या पाठीशी बोलतोय. आणि इथे धुळ्यातल्या या खोलीत दोघं बसून त्याचा शब्दन् शब्द ऐकत होती.

"नानांचं काय झालं?" हुमानं विचारलं.

नानांचा जुना नंबर नवलकडे होता. मुलानं उचलला आणि नानांना दिला. चौऱ्याऐंशी वर्षांचे नाना फोनवर ओरडूनच बोलत. नवलनं हुमाच्या अब्बांचं सांगितलं, फोटो गेल्याचंही.

"गये? कशाले जाई?" नाना म्हणाले. "मनाकडे बठ्ठं शे. तुम्ही या."

सगळं त्यांच्याकडे होतं म्हणे. दोघं दुसऱ्या दिवशी साक्रीमार्गे पिंपळनेरला गेली. नानांच्या घरी त्या काळी इंटरनेट नव्हतं. आठवड्याच्या बाजाराला ते कॅफेत जात, आवडत्या ब्लॉगांची पानं चित्रांसकट पेन ड्राइव्हवर उतरवून आणत आणि आठवडाभर घरी बसून वाचत. तो जुना संगणक अजून कोपऱ्यात होता, वर भरतकामाचा रुमाल. नानांच्या मुलानं, मगननं, धूळ झटकली. दोनदा संगणक नुसताच गुरगुरला, तिसऱ्यांदा सुरू झाला.

फोटो लहान होते, काही उघडलेच नाहीत. पण उघडले ते रंगीत होते. हुमा फाईल मांडीवर घेऊन बसली आणि एकेक पान पडद्याशी ताडून पाहू लागली. एका ठिकाणी थांबली.

"इथे अब्बांनी लाल लिहिलंय," ती हळूच म्हणाली. "हा तर शेंदरी आहे."

"फोटोत बदलतो कधी कधी," नवल म्हणाला.

"नाही. रंगवतानाच त्यांना हा लाल दिसला असेल. तेव्हाच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला असणार. आम्हाला दोन वर्षं उशिरा कळलं." तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि मग तिथे पेन्सिलीनं काही दुरुस्त न करता पान उलटलं.

नाना जवळ सरकले. त्यांनाही आता बारीक दिसत नव्हतं. "पोरी, वाची दाखाड," ते म्हणाले.

"नाना, या ओळी लिहिणारा ड्रायव्हर हाच बरं का," नवलनं हुमाकडे बोट दाखवलं. नानांना ते उमगायला जरा वेळ लागला. उमगलं तेव्हा त्यांनी हुमाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला.

मग हुमानं वर्गात वाचावं तसं मोठ्यानं वाचायला घेतलं. माहेर रावेर, सासर जालंधर. नाना दर ओळीला मान हलवत, मधेच "आनखी एकदाव" म्हणत. नवल पुढचा फोटो उघडून देत होता. धुळ्याची चारची बस निघून गेली. मगननं विचारलं, साडेपाचच्या बसनं निघाल का, तेव्हा तिघांनीही 'नाही' अशी मान हलवली आणि हुमानं पुढची ओळ वाचली.