नावेच्या दाराची खिटी

दत्तोबा सुताराने तीस वर्षं मळवलीत बैलगाड्या आणि गोठ्यांची दारं केली. मग वळवणच्या तलावासाठी एका पारशी शेठने त्याला नाव सांगितली. तीही खोलीवाली, बाकाखाली कप्पे असलेली. दत्तोबाने केली. शेठचा माणसांवरचा विश्वास जरा जास्तच होता.

आता राहिल्या खिट्या. आणि राहिली बायको, विठाबाई.

दत्तोबाच्या हातची प्रत्येक गाडी आधी त्याची बायको बसल्याशिवाय गिऱ्हाइकाला जात नसे. घरची रीत. पण यंदा विठाबाई म्हणाली, "गाडी बुडत न्हाई. म्या न्हाई बसनार."

"आगं, दाराला अशी खिटी लावतो, पानी आत यायचं न्हाई!"

लोणावळ्याच्या दुकानात राजमहंमदने खिट्या मांडल्या. "दार अडवणार कुणाला?"

"पान्याला."

"पाणी खिटी बघून माघारी फिरतं होय?"

दत्तोबाने एकेक खिटी कानाशी धरून हलवली. कप्प्यांना घट्ट पितळी घेतल्या. लाटेने कप्पा उघडला तर शेठची बिस्किटं तलावात जायची. दाराला मात्र लोण्यागत सरकणारी निवडली.

"ही सैल आहे, दत्तोबा."

"असूंदे. एका हातात वासरू आसतं, दुसऱ्या हातानं लावता आली पायजे."

"नावेत वासरू?"

दत्तोबाने थोडा विचार केला आणि तीच घेतली. घरी येऊन ती गोठ्याच्या सवयीने दाराला बाहेरून ठोकली. बैल काही आतून खिटी लावत नाही.

शेठला नाव द्यायच्या सकाळी विठाबाई डोळे मिटून नावेत चढली, ती थेट खोलीत जाऊन बसली. दार ओढून घेतलं. दत्तोबाने वल्ही मारली. मध्यावर नाव कलली आणि खिटी आपणहून सरकली. खट्!

"अवं! दार लागलं!"

दत्तोबाने मागे वळून बघितलं. वल्ही सोडावीत तर नाव वाऱ्याने वाहवत जाणार.

"विठे? घाबरू नगं गं!"

"कोन घाबरतंय? हितं पानी दिसतच न्हाई. लय ब्येस वाटतंय. फिरवा आनिक."

दत्तोबाने फिरवली. दोन फेऱ्या झाल्या. तिसरीला आतून टकटक झाली.

"काय गं?"

"उगडा आता. बगू द्या की मला बी, कसं आसतंय ते."

वारा पडला होता. दत्तोबाने वल्ही सोडून खिटी सारली. विठाबाई वाकून बाहेर आली, त्याचा खांदा घट्ट धरून शेजारी बसली आणि एक डोळा उघडला. मग दुसरा.

"केवढं हाय हो!" ती म्हणाली.

वल्ही मारायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. नाव जागच्या जागी गोल फिरत होती, आणि काठावरून शेठ टोपी हलवून काहीतरी विचारत होता.