मांडीवरचा घड

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची मोटार आहे. पण मला शोधायला रस्त्यावर जाल, तर हात हलवत परत याल. बुऱ्हाणपूरकडच्या डोईफोडियाला शालिग्राम पाटलांचा केळीचा मळा आहे. तिथे विहिरीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चाके नसलेले आणि रंग उडालेले जे धूड धडधडत पाणी उपसते, ती मी. हसू नका. एके काळी भल्याभल्यांना मी धूळ चारली आहे.

माझा जन्म विलायतेतला. एकाच कारखान्यात आम्ही दोघी बहिणी तयार झालो आणि एकाच बोटीने मुंबईला उतरलो. सातपुड्यापलीकडच्या एका छोट्या संस्थानाच्या राजेसाहेबांनी आम्हाला मागवले होते. इंजिन दोघींचे सारखे, लाल रंगही सारखा. बाकी मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता. बहीण रस्त्यासाठी घडवलेली. तिला टप होता, समोर काच होती, जाड गादी होती आणि खाली धक्के झेलणारे मऊ, लांब कमानपाटे होते. मला घडवले ते शर्यतीसाठी. वजन नको म्हणून मला दारे दिली नाहीत, टप दिला नाही, बसायला पत्र्यावर चामड्याचा एक तुकडा तेवढा दिला. माझे कमानपाटे इतके ताठ, की चाकाखाली खडा आला तर तो कोणत्या बाजूने टोकदार आहे हेसुद्धा बसणाऱ्याला कळावे! पण त्या ताठपणामुळेच शर्यतीच्या सपाट मैदानावर मी भर वेगात वळले, तरी कलत नसे. राजवाड्यात तिला मोठी म्हणत आणि मला बारकी.

मोठी राजेसाहेबांना गावोगाव फिरवून आणायची. मी दसऱ्याला मैदानाभोवती धावायचे आणि लोक टाळ्या पिटायचे. मला केवढा गर्व! मोठीला मी मनातल्या मनात म्हैस म्हणत असे. ती बिचारी शांतपणे माझ्या शेजारी उभी असायची.

मग देश स्वतंत्र झाला आणि संस्थाने एकामागून एक विलीन होऊ लागली. आमच्या राजवाड्यातून आधी हत्ती गेला, मग घोडे गेले, मग बँडवाल्यांचे जरीचे डगलेसुद्धा विकले गेले. शेवटी मोटारखाना रिकामा करायचे ठरले. आमचा ड्रायव्हर चुडामण मला पुसता पुसता म्हणाला, “बेटा, गिऱ्हाईक एकच येतंय, आणि त्याले गाडी बी एकच पाहिजे. दुसरीचा सौदा भंगारवाल्याशी होऊन गेला.” तो बुऱ्हाणपूरचा भंगारवाला आदल्या दिवशीच येऊन गेला होता. माझ्या पत्र्यावर थाप मारून त्याने वजनाचा अंदाज घेतला होता. आयुष्यात पहिल्यांदा मला भीती म्हणजे काय ते समजले.

गिऱ्हाईक आले ते शालिग्राम पाटील. डोक्याला फेटा, पायात करकरणाऱ्या वहाणा. बरोबर पत्नी मालूबाई आणि तरणाताठा मुलगा वसंत. मालूबाई बसमधून उतरल्या त्या कमरेवर हात ठेवूनच. दोन वर्षांपूर्वी बैल बुजले, छकडा उलटला आणि त्यांची पाठ कायमची दुखावली होती. थोरली लेक शोभा बुऱ्हाणपूरला लोधीपुऱ्यात दिलेली. पण तिच्याकडे एकदा जाऊन यायचे, तर मालूबाई नंतर आठ-आठ दिवस अंथरुणाला खिळायच्या. नात रांगायची थांबून चालायला लागली, तरी आजीच्या वाट्याला ती एकदाच आली होती. म्हणून पाटलांनी मोटार घ्यायचे मनावर घेतले होते.

वसंताचे मन दुसरीकडेच होते. त्याने मला पाहिले मात्र, मोठीकडे ढुंकूनही बघितले नाही. केळीच्या लॉरीवर तो गाडी शिकलेला. माझ्या चाकाला हात लावून तो म्हणाला, “आबा, असली गाडी तर ही आहे! इंदूरकडे शर्यती लागतात. ये तो हवा से बातें करेगी!”

“हवेशी बोलून कोनाचं पोट भरलं?” आबा म्हणाले. “गाडी तुह्या मायसाठी घेऊन राहिलो.”

“मग माय बसेल ना हिच्यात. दिसते कडक, पण चालवणारा पाहिजे.”

बापलेकांची बराच वेळ जुंपली. शेवटी आबा उठले, राजवाड्याच्या बागेत गेले आणि झाडावरच पिवळे पडू लागलेले केळीचे दोन घड कापून घेऊन आले. लोक मोटार घेताना इंजिन उघडून बघतात. आमचे गिऱ्हाईक केळी घेऊन उभे राहिले! चुडामणला तोंड फिरवून हसावे लागले.

“मोटारीतलं मले काही समजत नही,” आबा म्हणाले. “केळीतलं समजते. एकेका गाडीत एकेक घड ठेवा. घाट उतरून लोधीपुऱ्याले शोभाच्या घरी जाऊ. उद्या सकाळी ज्या घडाले डाग कमी, ती गाडी आपली.”

मित्रांनो, केळीला मार लागला तर तो त्याच वेळी दिसत नाही. रात्र उलटली की तिथे काळा डाग उमटतो. केळीवाल्यांना त्यातून सारा प्रवास वाचता येतो. वसंताने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “मंजूर.”

माझे तर पाणीपाणी झाले. मला माझे कमानपाटे ठाऊक होते.

मोठीत चुडामण, आबा आणि मालूबाई दाटीवाटीने बसले. घड आबांच्या पायाशी गोणपाटावर ठेवला. माझ्यात वसंत एकटा. शेजारच्या चामड्यावर गवत पसरून त्याने घड असा ठेवला, जसे तान्हे बाळ झोपवावे. मग तो मला मुंगीच्या पावलाने चालवू लागला. एकेक खड्डा चुकवताना त्याच्या कपाळावर घाम यायचा. मोठी केव्हाच दिसेनाशी झाली. मागून एक बैलगाडीवाला आला आणि “काय भाऊ, मोटार आजारी आहे का?” असे विचारून पुढे निघून गेला. मी तो अपमान गिळला. मला फक्त जगायचे होते.

असीरगडाच्या पायथ्याशी मोठी चहासाठी थांबली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा मालूबाई माझ्याजवळ आल्या. आधी घडाकडे आणि मग मुलाच्या तोंडाकडे त्यांनी पाहिले. त्याचे ओठ सुकले होते. पुढचा रस्ता घाटाचा, खडीचा. तो घड तिथे गवतावर टिकणे शक्य नव्हते, हे त्या केळीवाल्याच्या बायकोला न कळायला काय झाले?

“मी याच्या गाडीत बसते,” त्या म्हणाल्या.

“कायले?” आबा ओरडले. “पाठ मोडून घ्यायची आहे का?”

“गाडी कोनासाठी घेऊन राहिले? माह्यासाठी ना? मंग दोन्हीत बसून पाहू द्या ना मले.”

आबा तोंडातल्या तोंडात पुटपुटत मोठीत जाऊन बसले. मालूबाईंनी घड उचलला, पत्र्यावर टेकल्या आणि घड मांडीवर घेऊन पदराने झाकला. “चालव रे,” त्या वसंताला म्हणाल्या. “मले काही होत नही.”

आणि वसंताने चालवले. आधी जपून, मग जरा मोकळेपणाने, मग जसे चालवायचे त्याच्या मनात होते तसे! घड आता सुरक्षित होता ना? घाटाची वळणे आली आणि मी ती अशी घेतली, की राजेसाहेबांच्या मैदानावरही कधी घेतली नव्हती. वसंत मोठ्याने हसत होता. “माय, देखा? बघितलं ना?” तो वाऱ्यात ओरडत होता.

त्याने मायकडे बघितले नाही. बघता मला येत होते. म्हणजे मित्रांनो, डोळ्यांनी नव्हे. माझ्यात बसणाऱ्याचा सगळा भार मला कळतो. चाक खड्ड्यात गेले की तो दणका माझे ताठ पाटे जसाच्या तसा वर पाठवत. पत्र्यातून तो मालूबाईंच्या कमरेत जाई, पाठीत चढे आणि तिथेच थांबे. मांडीपर्यंत त्या तो पोहोचूच देत नव्हत्या. प्रत्येक दणक्याला त्या अंग उचलून घड अधांतरी धरत. एका हाताने त्यांनी माझी कड इतकी घट्ट धरली होती, की त्यांची बांगडी पत्र्यात रुतली. तोंडातून मात्र हूं की चूं नाही.

आपण बंद पडावे, असे मला वाटले. एखादी नळी फुटावी, एखादे चाक निखळावे. पण ज्या दिवशी बंद पडायला हवे होते, त्या दिवशी माझे इंजिन घड्याळासारखे चालत होते! मी जिंकत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होत होते.

आम्ही मोठीच्या कितीतरी आधी लोधीपुऱ्यात पोहोचलो. शोभा नात कडेवर घेऊन धावत बाहेर आली. नातीने आजीकडे हात पसरले. मालूबाई हसल्या, पण उठल्या नाहीत. “थांब गं बाई, पायाले मुंग्या आल्या,” एवढेच म्हणाल्या. शेवटी शोभाने आणि शेजारणीने त्यांना दोन्ही बाजूंनी धरून घरात नेले. वसंत तोपर्यंत गल्लीतल्या पोरांना माझे इंजिन दाखवण्यात गुंग होता.

दोन्ही घड ओसरीच्या वाशाला टांगले. आम्ही दोघी बहिणी समोरच उभ्या होतो. सकाळी ऊन ओसरीवर आले तसे आबा उठले आणि केळ्यांची एकेक फणी फिरवून पाहू लागले. वसंत श्वास रोखून बाजूला उभा होता. मोठीतल्या घडाच्या खालच्या फणीला तीन-चार डाग होते. मग आबा माझ्या घडाकडे वळले. त्यांनी तो पुढून पाहिला, मागून पाहिला, प्रत्येक केळ बोटाने चाचपले.

एकही डाग नव्हता.

“जिंकली!” वसंताने उडी मारली. “आबा, बारकी जिंकली!”

आबा शब्दाचे पक्के. त्यांचे तोंड उतरले, पण ते म्हणाले, “ठीक आहे. आता बोललो ते बोललो. हीच—”

तेवढ्यात शोभा बाहेर आली. तिच्या हातात मायचे कालचे लुगडे होते, धुवायला घेतलेले. डोळे सुजले होते तिचे. “आबा, डॉक्टरले बोलवा. मायले कूस बी बदलता येत नही. रातभर दातावर दात धरून पडेल आहे.”

वसंताची नजर त्या लुगड्यावर गेली. केळीच्या ताज्या कापलेल्या दांड्याचा चीक कापडाला लागला, की रात्रीतून काळा पडतो आणि मग जन्मात निघत नाही. लुगड्यावर मांडीच्या जागी काळ्या डागांची दाटी होती. जिथे जिथे त्या माउलीने घड आवळला होता, तिथे तिथे एकेक डाग होता. वसंत केळीवाल्याचाच मुलगा. त्याने तो प्रवास वाचला. एकेक वळण, एकेक खड्डा.

तो खाली बसला. मग ताडकन उठून घरात गेला. दारातून त्याचा आवाज मला ऐकू आला. “माय, तू सांगितलं का नही? एकदा तरी थांब म्हणायचं ना!”

“तू हसून राहिला होता ना रे,” मालूबाईंचा क्षीण आवाज आला. “किती दिवसांनी हसला. तुले आवडली ना ती? तीच घे.”

वसंत बाहेर आला तेव्हा त्याचे तोंड ओले होते. “आबा, मी हारलो,” तो म्हणाला. “त्या घडाले डाग नही, कारण डाग मायने घेतले. मोठी घ्या.”

मला वाईट वाटले का? खरे सांगते, मला सुटल्यासारखे वाटले. आणि लगेच भीतीही वाटली, कारण चुडामणच्या निरोपावरून दुपारी तो भंगारवाला दोर घेऊन आलाच. त्याने माझ्या पुढच्या दांडीला गाठ मारली. वसंताने ती पाहिली, जवळ आला आणि गाठीवर हात ठेवला. “आबा, हिले भंगारात नका घालू. हिच्यात दम आहे. मळ्याच्या विहिरीवर हिचं इंजिन बसवू. शर्यत नही, पाणी ओढेल.” आबांनी मिशीवरून हात फिरवला, होकार दिला आणि भंगारवाल्याला त्याचे पैसे मोजून दिले.

अशी मी इथे आले. माझी चाके गेली, कमानपाटे काढले. इथे सिमेंटच्या ओट्यावर मी ताठ राहिले, तरी कोणाला दणका बसत नाही. माझ्या पाण्यावर केळी पोसली. मालूबाई कितीतरी महिने पडून होत्या. पुढे मोठीच त्यांना न्यायची-आणायची. नातीचे बारसे हुकलेल्या आजीने तिचे शाळेत जाणे मात्र पाहिले.

मित्रांनो, वेगाचा मला आजही राग नाही. माझ्यासारखीला सपाट मैदान द्या, एकटा चालवणारा द्या आणि मग मजा पाहा. पण घरच्या माणसांना घेऊन निघाल, तेव्हा गाडी किती पळते ते मागाहून विचारा. आधी शेजारी बसलेल्याने कशाला घट्ट धरले आहे, ते एकदा वळून बघा. तो सांगणार नाही. आपल्या माणसांना सांगायची सवय नसते.

आणि यंत्रांनाही जपा. मालूबाई बऱ्या होऊन पहिल्यांदा मळ्यात आल्या, तो दिवस मला आठवतो. वसंत हँडल मारून मला चालू करत होता. मी अडून बसले होते, म्हणून तो चिडून हिसके देत होता. मोठीतून सावकाश उतरून मालूबाई शेडमध्ये आल्या. बांगडी रुतून पडलेला माझ्या कडेवरचा पोचा त्यांनी बोटाने शोधला आणि त्यावर हात ठेवला.

“हळू रे वसंता,” त्या म्हणाल्या, “तिले बी दुखत असंल.”