दुपारच्या सुट्टीतला संशय

ठकुबाई चौगुले यांच्या पत्राला मी सात आठवडे उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं, मी विसरलोही नव्हतो. चार कच्च्या उत्तरांसकट ते माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं आणि त्या चारांपैकी एकही उत्तर मला पटत नव्हतं.

चामराजपेटमधल्या आमच्या मराठी वाचनालयाचा मी पत्रव्यवहार चिटणीस आहे. सभासदाने काही विचारायचं ते लेखी आणि वाचनालयाने उत्तर द्यायचं तेही लेखी, असा आमचा जुना नियम. ठकुबाई मूळच्या निपाणीकडच्या, आता याच शहरात यशवंतपूरला पॅकिंगच्या कारखान्यात कामाला. त्यांनी नियम पाळला होता. 'माझ्या एका कार्डावर आम्ही नऊ जणी वाचतो,' त्यांनी लिहिलं होतं. 'बाकीच्या कानडी शाळेत शिकल्या. मराठी घरात बोलतात, पण वाचता येत नाही. मी मोठ्याने वाचते आणि त्या पाच फोनांवर तेच पान उघडून बोट फिरवतात. हे चालतं का? चालत नसेल तर कळवा, बंद करू.'

कार्ड दुसऱ्याला वापरू देऊ नये, हाही नियमच. 'चालतं' लिहायचा मला अधिकार नव्हता आणि 'चालत नाही' लिहायला हात उचलत नव्हता. मी खण लावून घेतला.

मधल्या काळात ॲपवर पहारा बसला. आमची जुनी पुस्तकं आता फोनवर वाचता येतात. मागे कुणीतरी दोन दिवसांत तीनशे पुस्तकं उतरवून घेतली, तेव्हा समिती घाबरली आणि व्हाइटफील्डला संगणक कंपनीत नोकरी करणाऱ्या, समितीतल्या तरुण अभिजीतने एक व्यवस्था केली. ॲपमध्ये काही संशयास्पद घडलं की त्याच क्षणी सूचना येणार. कुणाच्या फोनवर? जो घरी रिकामा असतो त्याच्या.

"काका, तुम्ही ॲडमिन."

"मला जमेलसं वाटत नाही रे."

"अहो, दोन बटणं आहेत फक्त. ही हालचाल ओळखीची आहे का, असं विचारेल. होय किंवा नाही. संपलं!"

संपलं कुठलं, सुरू झालं. आंघोळीला गेलो की सूचना, पानावर बसलो की सूचना. म्हैसूरला मुलीकडे गेलेल्या सभासदाने तिथून पुस्तक उघडलं तरी सूचना. एकदा लाल अक्षरांत आलं की कुणीतरी पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला आहे. घाबरून नीट पाहिलं तर तो संशयित मीच होतो.

"तुमच्या फोनला उचकी लागलीय," बायको म्हणाली. "पाणी पाजा त्याला."

सगळ्यांत नेमाची सूचना दुपारी एक वाजून दहा मिनिटांची. सभासद क्रमांक २१७, एकाच वेळी पाच फोन, सगळ्यांवर एकच पान. ही हालचाल ओळखीची आहे का? आता ओळखीची म्हणजे काय? क्रमांक मला पाठ नाहीत आणि नावांची वही वाचनालयाच्या कपाटात. ओळख नसताना 'होय' म्हणणं खोटं ठरलं असतं. म्हणून मी प्रामाणिकपणे 'नाही' दाबत राहिलो. खणातल्या पत्राचा विचार टाळता टाळता त्यातल्या पाच फोनांशीही मी याची सांगड घातली नाही. रविवारी वही बघू, असं दर वेळी ठरवायचो. रविवारी वाचनालयात माणसं असायची, माणसांत माझा गोंधळ उडतो, आणि राहून जायचं. माझ्या मनातलं 'नाही' म्हणजे 'मला ठाऊक नाही' एवढंच होतं. यंत्राने त्याचा अर्थ 'चोर' असा घेतला हे मला गुरुवारी कळलं.

"काका, पकडला!" अभिजीतचा फोन. "तुमचे दहा 'नाही' झाले. २१७ ऑटोमॅटिक लॉक. बॉट होता तो, हंड्रेड पर्सेंट. माणूस एक पान पाच फोनवर कशाला उघडेल?"

"तो रोज एक दहाला येतो आणि एक चाळीसला जातो," मी म्हणालो. "यंत्राला जेवणाची सुट्टी कशाला लागते?"

"हुशार असतात हो हल्लीचे बॉट. माणसासारखं वागतात."

तो त्यातला जाणकार, मी कोण?

रविवारी मी वाचनालय उघडलं आणि पंख्याचं बटण शोधत होतो, तोच दारात एक बाई आल्या. पन्नाशीच्या, चपला बाहेर काढून. त्यांनी टेबलावर कार्ड ठेवलं. २१७.

"अण्णा, हे परत द्यायला आले. ठकुबाई चौगुले."

मी कार्डावरचा आकडा पुन्हा वाचला.

"उत्तर मिळालं तुमचं," त्या म्हणाल्या. "गुरुवारपासून पुस्तक उघडत नाही. नाही म्हणायचं होतं तर दोन ओळी तरी लिहायच्या की ओ. बायकांसमोर आम्ही चोर ठरलो. त्यात लिहून येतंय, संशयास्पद म्हणून."

"तसं नाही... ते यंत्र..."

"यंत्राला आम्ही पत्र लिहिलं नव्हतं." मग जरा मऊ आवाजात, "आमची गंगव्वा आता जोडाक्षरांपर्यंत आली होती. स्वल्प राहिलं होतं. असू दे."

बसा म्हणेपर्यंत त्या चपला घालून गेल्यासुद्धा. मागे धावत जाण्याचं माझ्या अंगात नाही. मी कार्डाकडे बघत बसलो आणि मग अभिजीतला फोन लावला.

"२१७ उघड."

"काका, रविवार आहे हो. आणि का?"

मी सगळं सांगितलं. तो हसला. "म्हणजे बायका होत्या! सही आहे. पण काका, एका कार्डावर नऊ जणी म्हणजे रूल तर मोडलाच ना? अलर्ट बरोबर होता."

"अलर्ट बरोबर होता, मी चूक होतो!"

"पुढच्या महिन्यात मीटिंग आहे, तिथे ठेवू विषय."

"पुढच्या महिन्यात नाही. आज!" मी ओरडलो. पुस्तकांच्या कपाटांसमोर मी चाळीस वर्षांत आवाज चढवलेला नव्हता. "दहा वेळा मला विचारलं त्या तुझ्या पहाऱ्याने, आणि दहाही वेळा मी बघितलं नाही. त्या बाईने एकदा विचारलं, सरळ विचारलं, तिलाही मी उत्तर दिलं नाही. आता समितीला काय विचारू?"

"ओके, ओके. पण उघडायला कारण टाकावं लागतं, आणि कुणाच्या जबाबदारीवर तेही."

"माझ्या. कारण लिही, चिटणिसाची चूक."

"तसंच लिहू?"

"तसंच."

घरी येऊन पाचवं उत्तर लिहायला बसलो. बायकोने डोकावून पाहिलं. "पुन्हा खर्डा? यंदा तरी तारीख घालाल का त्यावर?"

मी तारीख घातली. लिहिलं की आपल्या पत्राला उत्तर न देणं ही माझी चूक, आणि आपलं पुस्तक बंद पडलं तेही मी न बघता 'नाही' दाबत राहिल्यामुळे. आपल्याला कुणी चोर ठरवलेलं नाही. पुस्तक आता पुन्हा उघडेल. आपण नऊ जणींनी वाचावं. कार्डाच्या नियमाबद्दल समितीला मी उत्तर देईन, आपण नाही. हे गंगव्वांना आणि बाकीच्यांना वाचून दाखवावं. सोबत कार्ड परत पाठवत आहे.

'आपण नऊ जणींनी वाचावं' या ओळीपाशी बराच वेळ अडखळलो. समिती काय म्हणेल? चिटणीसपद जाईल कदाचित. 'सध्या' हा शब्द घालावा असं मनात आलं. घातला. खोडला. खाडाखोड नको म्हणून सगळं पुन्हा लिहून काढलं, 'सध्या' न घालता.

सोमवारी पोस्ट उघडायच्या आधीच मी पायरीवर उभा होतो. खिडकीतल्या बाईंनी पाकीट उलटसुलट केलं.

"यशवंतपूर? इथलंच की. साधं टाका ना पेटीत, सर."

"नको. स्पीड पोस्ट करा."

त्यांनी शिक्का मारला, पाकीट मागच्या पोत्यात टाकलं आणि मला पावती दिली.